दुधाळ नळी

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. अंगणात फिरवतात ती लाकडी भिंगरी नव्हे. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेतली. माझे कागदोपत्री नाव सेंट्रिफ्यूज. पण ज्यांच्या हाताखाली माझे आयुष्य गेले त्या सुईकाकांची जीभ त्या नावावर अडखळायची. त्यांनी मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव मला चिकटले. आता मी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत एका मोडक्या स्टुलावर बसून आहे. झाकणाला तडा गेला आहे, पोटात गंज चढला आहे. माझ्याबद्दल सांगावे असे फारसे काही नाही. पण एका घराची हकीकत माझ्या पोटातून गेली आहे, आणि ती मनात ठेवून मोडीत जावे असे मला वाटत नाही.

माझा जन्म एका यंत्रांच्या कारखान्यात झाला. आधी माझे पोलादी भांडे झाले, मग मोटर बसली, मग नळ्या ठेवायच्या कप्प्यांचे चाक. शेवटच्या टेबलावर एक प्रौढ बाई बसायच्या. त्या मला चालू करायच्या आणि झाकणावर तळहात ठेवून डोळे मिटायच्या. मी जरा जरी थरथरले तरी त्यांना कळायचे. मग त्या मला थांबवून कुठेतरी किंचित घासायच्या आणि पुन्हा हात ठेवायच्या. शेवटी त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही गुणी आहे. आवाज करत नाही." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

तिथून मी एका रस्त्याकडेच्या प्रयोगशाळेत आले. दोनच खोल्या. बाहेर लाकडी बाक, आत टेबल, आणि मध्ये निळा पडदा. प्रयोगशाळा एका डॉक्टरीणबाईंची होती. सगळे त्यांना मॅडम म्हणत. रक्त काढायचे, मला फिरवायचे, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, ही कामे सुईकाकांची. त्यांचा हात इतका हलका होता की लहान मुले रडायची तयारी करून बसायची आणि रडायचे राहूनच जायचे. काका बोलके होते. पडदा पातळ होता. बाकावरचे सगळे मला ऐकू यायचे.

माझे काम सोपे होते. रक्ताची नळी माझ्यात ठेवायची आणि मी गरगर फिरायचे. थांबले की लाल भाग तळाशी बसलेला असे आणि वर पिवळसर, नितळ पाणी. त्याला सिरम म्हणतात. साखर किती, चरबी किती, हे त्या पाण्यातून कळते. गरिबाचे असो की श्रीमंताचे, जाड्याचे असो की बारक्याचे, ते पाणी नितळच दिसायचे. मला वाटे, जगात सगळ्यांचे असेच असते.

एके दिवशी सकाळी एक बाई आल्या. अंगाने चांगल्या भरलेल्या, चेहरा शांत, बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. घरी बसून पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचा त्यांचा व्यवसाय होता. लग्न झालेले नव्हते. धाकट्या भावाच्या घरी राहत. सोबत तो भाऊ होता. घरे रंगवायचे काम करणारा, काटकुळा, गालफडे बसलेली, शर्टाच्या बाहीवर वाळलेल्या रंगाचे शिंतोडे. तो बहिणीला आक्का म्हणायचा. मीही त्यांना आक्काच म्हणते.

आक्कांना काही दिवसांपासून फार तहान लागत होती आणि मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. काकांनी रक्त घेतले आणि नळी माझ्यात ठेवली. मी फिरले, थांबले. काकांनी झाकण उघडले आणि ते तसेच उभे राहिले. नळीत खाली लाल होते, पण वरचे पाणी पिवळे नव्हते. ते पांढरे होते. अगदी दुधासारखे.

काका पडद्याबाहेर गेले.

"ताई, उपाशीपोटी आलात ना?"

"हो तर. काल रात्री जेवले, त्यानंतर काही नाही."

"चहा वगैरे? चमचाभर काही?"

"काहीच नाही हो. खरंच काही खाल्लं नाही."

भाऊ मध्येच म्हणाला, "आक्का, इथे तरी खरं सांग. हे लोक आपल्या भल्यासाठीच विचारतायत."

काकांनी त्यांना पुन्हा उपाशीपोटी यायला सांगितले. त्या आल्या. नळी पुन्हा पांढरी. साखरही खूप वाढलेली. काका हसत हसत म्हणाले, "ताई, एकदा स्वयंपाकघराला सुट्टी देऊन या." बाकावरचे दोघे-तिघे हसले. काकांच्या मनात वाईट काही नव्हते. पण आक्कांच्या चपलांचा आवाज त्या दिवशी दारापर्यंत जाताना फार हळू झाला.

पुढच्या वेळी आक्का एकट्या आल्या तेव्हा दंडावर पट्टा बांधून घेताना त्यांनी काकांना सांगितले की भावाने स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावले आहे.

"तो दुष्ट नाही हो," त्या म्हणाल्या. "आमची आई साखरेनेच गेली. शेवटी तिला दिसेनासं झालं होतं. आईला गोडाची आवड होती, आणि ती खायची तेव्हा हा तिच्या हातातलं काढून घेऊ शकला नाही. ते त्याच्या मनातून जात नाही. म्हणून आता माझ्यावर पहारा. मी सगळ्यांबरोबर जेवायला बसतच नाही. मशीनमागे बसून जेवते. म्हणजे कोणाला माझे घास मोजायला नकोत."

काकांनी सुई काढली, कापूस दाबला आणि त्या दिवशी विनोद केला नाही. ती नळी घेऊन ते थेट मॅडमच्या टेबलाशी गेले आणि आक्कांचे बोलणे त्यांना सांगितले.

मॅडमनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. मग भावाला बोलावून घेतले. तो कामावरून तसाच आला, हाताला चुना लागलेला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि समजावून सांगायला घेतले. ते मी माझ्या जागेवरून नीट ऐकले आहे.

"तुमच्या बहिणीचं रक्त असं दिसतं ते चोरून खाल्ल्यामुळे नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण खाल्लेली चरबी रक्तातून फिरते. ती फोडायचं काम शरीरातलं एक एन्झाइम करतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. काहींच्या अंगात ते विकर जन्मापासूनच कमजोर असतं. मग चरबी फुटत नाही, रक्तात तरंगत राहते. यकृतात, स्नायूंत जाऊन साचते. तिथे इन्सुलिनचं काही चालेनासं होतं आणि साखर चढते. आणि साखर चढली की ते विकर आणखी मंदावतं. असं ते चक्र आहे."

"म्हणजे खाण्याशी संबंध नाही?"

"आहे. तेलकट कमी करायला हवं, गोडही. पण नुसत्या तेवढ्याने भागायचं नाही. गोळ्या घ्याव्याच लागतील. आणि एक, हे विकर कसं तयार व्हायचं हे आईवडलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. तुमच्या आईलाही हेच असेल. कदाचित तुम्हालाही. तुमचं रक्त द्या."

रंगारी हसला. त्याने बाही वर सारून आपला दंड दाखवला.

"मॅडम, अंगावर मांस तरी आहे का? मला काय धाड भरलीय? दिवसभर शिडीवर असतो."

"अंगावर नसलं तरी रक्तात असू शकतं."

"बघू," तो म्हणाला आणि उठला.

मित्रांनो, एखादा माणूस बघू म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो बघत नाही. त्याने रक्त दिले नाही. पण आक्कांना गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतरचे काही महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे महिने होते. आक्का ठरल्या वेळी यायच्या. दर खेपेला पांढरेपणा उतरत होता. आधी दूध, मग ताकावरची निवळ, आणि एके दिवशी मी थांबले तेव्हा नळीत चक्क पिवळे, नितळ पाणी होते. काकांनी ती नळी पडद्याबाहेर नेऊन आक्कांना दाखवली. "बघा ताई, आरशासारखं." आक्कांनी ती हातात घेतली, उजेडात फिरवून फिरवून पाहिली. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकले. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी एक झालर लावलेले आवरण शिवून आणले. काका म्हणाले, "आता भिंगरी पण नटली." धूळ बसू नये म्हणून ते आवरण काका रोज माझ्यावर घालत. इतक्या वर्षांत मला कोणी काही दिले असेल तर तेवढेच.

पण त्या नितळ पाण्याने एक घोटाळा केला. घरी त्याचे श्रेय कुलपाला मिळाले.

भावाला वाटले, कपाट बंद केले आणि रक्त साफ झाले, म्हणजे आपलेच खरे होते. मग गोळ्या कशाला? तोंडावर ताबा राहिला की पुरे. हे त्याने प्रेमानेच सांगितले असणार. त्याला खरेच आनंद झाला होता. आक्का भांडल्या नाहीत. इतके दिवस चोर ठरलेल्या माणसाला कोणी शाबास म्हटले की तो ती शाबासकी मोडायला धजत नाही. शिवाय त्यांच्याही मनात कुठेतरी आले असेल, की गोळ्यांवाचून निभावले तर आपण खरेच सुटलो.

त्या शेवटच्या आल्या तेव्हा बोलता बोलता त्यांनी हे काकांना सांगितले. काकांचा हात थांबला.

"मॅडमना विचारलंत का?"

"त्यांना काय सारखं विचारायचं? बरं वाटतंय मला."

त्या दिवशी नळीतले पाणी पुन्हा गढूळले होते. मॅडमनी घरी फोन केला, गोळ्या लगेच सुरू करा म्हणून सांगितले. फोन वहिनीने, म्हणजे रंगाऱ्याच्या बायकोने घेतला. तिने नवऱ्याला निरोप दिला. तो म्हणाला, "आक्का परत खायला लागली असेल. मी बघतो." आणि त्याने कुलूप बदलले. हे मला फार नंतर कळले, त्याच्याच तोंडून.

मग बरेच दिवस आक्का आल्या नाहीत. एके दुपारी जवळच्या रुग्णालयातून नळ्यांचा डबा आला. त्यांचे यंत्र बंद असले की ते आमच्याकडे पाठवत. काकांनी नळ्या माझ्यात ठेवल्या. मी थांबले, त्यांनी झाकण उघडले. एका नळीत वर दूधही नव्हते. साय होती. दाट, घट्ट, नळीला चिकटलेली. काकांनी चिठ्ठीवरचे नाव वाचले आणि ते स्टुलावर बसले.

रक्तात चरबी फार साचली की पोटातल्या स्वादुपिंडाला सूज येते. ते दुखणे भयंकर असते. आक्कांच्या पोटात आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. घरातल्यांना वाटले, काहीतरी हादडले असेल, उपास केला की उतरेल. त्यांना रुग्णालयात न्यायला उशीर झाला. काकांनी ती नळी तपासून आकडे कळवले. मॅडम धावत रुग्णालयात गेल्या. संध्याकाळी परत आल्या आणि आक्का गेल्याचे काकांना सांगून पर्स घेऊन घरी गेल्या. काकांच्या टेबलावरचा चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. काकांनी तो बघितला आणि मोरीत ओतून टाकला.

दिवस जात राहिले. माझ्या पोटात नळ्या येत होत्या, जात होत्या. आवरणाची झालर उसवली. काकांनी दोरा ओवून ती स्वतः, वेडीवाकडी का होईना, टाचली.

काही वर्षांनी एका सकाळी वहिनी नवऱ्याला घेऊन आली. म्हणजे जवळपास ओढूनच आणले होते. शिडीवरून उतरताना रंगाच्या डब्याची कड त्याच्या पायाला लागली होती आणि ती जखम काही केल्या भरत नव्हती. भिंतीच्या कडेची रेघ मारताना हात चुकत होता, कारण रेघच नीट दिसत नव्हती. तो होता तसाच काटकुळा होता. उलट आणखी वाळला होता. त्यांची मुलगीही सोबत होती. शाळा नुकतीच संपवलेली, बापासारखीच सडपातळ.

काकांनी त्याला ओळखले. तरी आक्कांचा विषय काढला नाही.

"उपाशी आलात ना?"

"हो."

काकांनी रक्त घेतले. मी फिरले. मला आजही वाटते, त्या दिवशी मी थांबायला जरा वेळच घेतला असेल. झाकण उघडले. नळीत वर पांढरे होते. अगदी दुधासारखे.

काकांनी पडदा बाजूला केला आणि त्याला आत बोलावले. हातात नळी दिली.

"हे काय आहे?" रंगाऱ्याने विचारले.

"तुमचं रक्त."

तो नळीकडे पाहत राहिला. चुन्याने भेगाळलेल्या बोटांत धरून त्याने ती उजेडाकडे फिरवली. मग तो घाईने म्हणाला, "मी काही खाल्लं नाही. खरंच सांगतो, सकाळपासून काही खाल्लं नाही."

"मला माहीत आहे," काका म्हणाले.

तेवढेच. पण रंगाऱ्याने ते ऐकले आणि आपण आत्ता काय बोललो ते त्याला कळले. तो खाली बसला, जमिनीवरच, माझ्या टेबलाच्या पायाला टेकून. मोठ्याने रडला नाही. फक्त म्हणत राहिला, "ती खरं सांगत होती. आक्का खरं सांगत होती." कुलपाचे, फोनचे, त्या शेवटच्या दिवसाचे सगळे त्याने तेव्हा सांगितले. कोणी विचारले नव्हते.

मुलगी पडद्याशी उभी होती. ती म्हणाली, "आत्या कधीच रात्री खायला उठायची नाही, बाबा. मी तिच्या शेजारीच झोपायचे. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला.

मॅडमनी त्याचे आणि मुलीचे रक्त एका मोठ्या संस्थेत पाठवले. तिथे जनुके तपासतात. उत्तर यायला वेळ लागला. दोघांच्याही जनुकात तोच फरक निघाला, जो बहुधा आक्कांमध्येही होता आणि त्यांच्या आईमध्येही. विकर तयार करणाऱ्या त्या जनुकात एक बारीकसा बदल. पिढ्यान्‌पिढ्या तो गुपचूप पुढे आला होता, आणि घरातले मात्र ताटाकडे बघत बसले होते.

पण मुलीच्या नळीतले पाणी नितळ होते. मॅडम तिला म्हणाल्या, "असं जनुक असलं म्हणजे मधुमेह होणारच असं नाही. धोका जास्त, एवढंच. तो किती वाढू द्यायचा हे बरंचसं आपल्या हातात असतं. दरवर्षी रक्त दाखवायचं. तेलकट, गोड बेतानं. चालायचं, हिंडायचं. आणि गोळी लागली तर ती न लाजता घ्यायची."

"आत्याला हे आधी कोणी सांगितलं असतं तर?" मुलीने विचारले.

"मी सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण एकदाच सांगितलं. घरी येऊन पुन्हा सांगायला हवं होतं."

रंगाऱ्याच्या पायाचा अंगठा वाचला नाही. एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच. शिडीवरची कामे सुटली. आता तो खालून हात पोचेल तेवढीच भिंत रंगवतो, वरचे काम दुसरे कोणी करते. मुलगी दरवर्षी येते. तो सोबत येऊन बाकावर बसतो.

मीही थकले. आधी नुसती गुणगुणायचे, मग खडखडू लागले. एकदा फिरता फिरता टेबलावरून सरकले आणि दोन नळ्या फुटल्या. नवे यंत्र आले, काचेच्या झाकणाचे, आपोआप थांबणारे. काकांनी मला स्वतः उचलून इथे आणून ठेवले. पुढे तेही निवृत्त झाले. माझे आवरण पहिल्या वर्षी होते. मग कोणीतरी ते फडके म्हणून नेले. इथे आता कोणी येत नाही. झाडू घ्यायला दार उघडतात तेवढाच उजेड.

पण ही खोली बाकाच्या मागेच आहे आणि भिंत पातळ आहे. परवा एक बाई नवऱ्याला सगळ्यांसमोर बोलत होती, "सारखं तोंड चालू असतं ह्यांचं. मग साखर वाढणार नाही तर काय?" तेवढ्यात ओळखीचा, थकलेला आवाज आला. रंगारी मुलीबरोबर आला असावा. तो म्हणाला, "बाई, आधी रक्त तर बघू द्या."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनवणी आहे. घरात कोणी आजारी पडले, तर त्याच्या ताटातले घास मोजायला बसू नका. जाड दिसतो तो खादाड आणि बारीक दिसतो तो धडधाकट, असे ठरवून टाकू नका. तुमच्या घरात आजीला, काकाला, आत्याला साखरेचा आजार असेल, तर स्वतःचेही रक्त दाखवा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि तुमचे माणूस म्हणाले, मी काही खाल्ले नाही, तर निदान एकदा त्याच्यावर विश्वास ठेवून पाहा. तपासणी नंतरही करता येते. पण खोटे ठरवून गप्प केलेले माणूस पुढे पोटात कितीही दुखले तरी सांगत नाही, आणि मग ते सांगायला उरतही नाही.